पिंजरा, घरटं आणि मुंग्यांची रांग



मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की आमच्या पेणमध्ये मुंग्या घरात येतात. जमिनीतली बिळं पाण्याने भरतात, मग तोंडात पांढरी अंडी धरून त्यांची रांग ओट्यावरून, चौकटीवरून, देव्हाऱ्याच्या मागून वर चढते. रोह्यालाही तेच. साखरेचा डबा, गुळाची बरणी, दुधाचं पातेलं हे आपण सांभाळतो, त्याची सवय आहे. पण ज्यांच्या घरी पिंजऱ्यात पक्षी आहेत त्यांची या दिवसांत वेगळीच अडचण होते. दाणे, फळाची फोड आणि पिल्लांची ओल यांच्या वासाने मुंग्या पिंजऱ्यात शिरतात. अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं, डोळे न उघडलेलं पिल्लू त्यांना हुसकावू शकत नाही.

माझी भाची रोह्याला असते. तिच्या मुलाला वाढदिवसाला कोणीतरी बजरी पक्ष्यांची जोडी दिली. दुकानात लव्हबर्ड म्हणून विकतात ना, तेच ते. यंदा आषाढात तिचा फोन आला, "मावशी, पेटीत चार पिल्लं होती, एक मुंग्यांनी खाल्लं. पावडर टाकू का? पर्युषण जवळ आलंय, हातून हे होऊ नये असंही वाटतं." पावडर टाकू नकोस, एवढं मी तेव्हाच सांगितलं. काय करायचं तेही सांगितलं, ते पुढे लिहिते. पण तिच्या प्रश्नाने मला जुनी पुस्तकं उघडायला लावली. पक्ष्याला वाचवताना मुंगीचं काय करायचं, हा प्रश्न आपल्या देशात फार जुना आहे. अगदी दगडावर कोरला जावा इतका जुना.

सम्राट अशोकाच्या स्तंभलेखांपैकी पाचवा लेख दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यातल्या स्तंभावर आजही पाहता येतो. राज्याभिषेकाला 26 वर्षं झाल्यावर कोणकोणते प्राणी मारायचे नाहीत, याची यादी त्यात दिली आहे. यादीची सुरुवात पोपट आणि मैना यांनी होते. चक्रवाक आणि हंस येतात, वटवाघूळ येतं आणि त्याच्या लगेच पुढे 'अंबाकपीलिका' हा शब्द येतो. पिपीलिका म्हणजे मुंगी. अनेक भाषांतरांत या शब्दाचा अर्थ राणीमुंगी असा दिला आहे. शब्दात आंबा ऐकू येतो म्हणून काही जण तो आंब्यावरच्या मुंग्यांना लावतात. आपल्याकडे पानं शिवून घर करणाऱ्या त्या तांबड्या मुंग्या, कोकणात त्यांना हुमले म्हणतात, त्या चटकन डोळ्यांसमोर येतात. अर्थ कोणताही घ्या, सव्वादोन हजार वर्षांपूर्वी राजाने पोपट आणि मुंगी एकाच यादीत लिहिले होते.

आपल्या आगमांत तर मुंगी पानोपानी भेटते. ज्ञाताधर्मकथा सूत्रातली धर्मरुची अणगारांची कथा पाठशाळेत आपण सगळ्यांनी ऐकली आहे. चंपा नगरीत नागश्रीने मासखमणाच्या पारण्याला आलेल्या मुनींच्या पात्रात कडू, विषारी तुंब्याची भाजी वाढली. गुरूंनी ती निर्जीव जागी परठवायला सांगितली. धर्मरुचींनी एक थेंब जमिनीवर टाकून पाहिला. वासाने मुंग्या आल्या आणि मेल्या. एका थेंबाने एवढ्या, तर सगळ्या भाजीने किती? त्यांनी ती भाजी स्वतः खाल्ली आणि देह सोडला. लहानपणी मला या कथेतलं विष लक्षात राहायचं. आता लक्षात राहतो तो थेंब. जमिनीवर पडलेलं काहीही मुंगीला बोलावतं, हे त्या मुनींनी आधी तपासून पाहिलं.

दुसरी गोष्ट रोजची. सामायिकाआधी आपण इरियावहियं म्हणतो. जाता-येता पायाखाली आलेल्या जीवांची क्षमा मागताना त्यात मुंग्यांच्या बिळांचा वेगळा उल्लेख आहे. आणि क्षमा केवळ मारल्याची मागत नाही. जीवाला धुळीने झाकलं, एकत्र गोळा केलं, घाबरवलं, त्याच्या जागेवरून दुसऱ्या जागी नेलं, याचंही मिच्छामि दुक्कडं आहे. म्हणजे मुंग्यांना 'नुसतं हाकललं' तरी हिशेबाच्या वहीत एक ओळ पडतेच. पूंजणीने हळूच सारणं हा मारण्याहून कितीतरी हलका दोष. पण जयणा त्याच्याही आधी सुरू होते. मुंगी यावीच का, इथून.

मुंगी तेइंद्रिय, पक्षी पंचेंद्रिय. त्यामुळे पिल्लाला आधी सांभाळायचं, यात मला शंका नाही. पण ज्याची इंद्रियं कमी त्याला मारायला मोकळीक, असा अर्थ कोणत्याही महाराजसाहेबांच्या तोंडून मी कधी ऐकलेला नाही.

आता पिंजऱ्याकडे येऊ. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाण्याचा निरोध. पहिलाच अतिचार 'बंध', जीवाला बांधून, कोंडून ठेवणं. बाराव्या शतकात कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात श्रावकाने टाळायचे पंधरा धंदे, म्हणजे पंधरा कर्मादानं, समजावून सांगितली. त्यांतल्या असतीपोषणात पैशासाठी मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर पाळणं येतं. म्हणजे पोपट-मैना पाळून विकणं हा व्यापार आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वीही चालत होता आणि आपल्या आचार्यांना तो पसंत नव्हता.

1583 हे वर्ष मला फार आवडतं. त्या वर्षी आचार्य हीरविजयसूरी गुजरातेतून पायी चालत फत्तेपूर सिक्रीला अकबर बादशहाकडे पोचले. त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं नाही. बादशहाने पिंजऱ्यातले पक्षी सोडले, कैदी सोडले आणि पर्युषणाच्या दिवसांत अमारीचं फर्मान काढलं. व्याख्यानात हे आपण दरवर्षी ऐकतो. त्याच 1583 मध्ये राल्फ फिच नावाचा एक इंग्रज व्यापारी समुद्रमार्गाने पश्चिम किनाऱ्यावर आला आणि गोव्याला जाता जाता आपल्या चौलला उतरला. चौल म्हणजे कुंडलिकेचं मुख. रोह्याच्या घाटावरून वाहणारं पाणी जिथे समुद्राला मिळतं ते बंदर. या फिचने आपल्या प्रवासवर्णनात खंबायतच्या लोकांबद्दल लिहिलं आहे की ते काहीच मारत नाहीत, लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी आणि पक्ष्यांसाठी त्यांनी इस्पितळं ठेवली आहेत, आणि ते मुंग्यांनाही खायला घालतात. पक्ष्याचं इस्पितळ आणि मुंगीचा घास त्याने शेजारी शेजारी नोंदवले. त्याला नवल वाटलं असेल. आपल्याला ते ओळखीचं आहे. मुंग्यांना साखर घालणं आपल्या आज्यांना सांगावं लागत नसे. गुजराती घरांत त्याला कीडियारुं म्हणतात.

चाळीस वर्षांनी, 1623 मध्ये, पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशाने खंबायतचं ते पक्ष्यांचं इस्पितळ स्वतः आत जाऊन पाहिलं. त्याने लिहिलेली एक गोष्ट महत्त्वाची आहे. बरे झालेले रानपक्षी तिथून सोडून दिले जात. माणसाळलेले पक्षी एखाद्या दयाळू माणसाच्या घरी दिले जात. पिंजरा होता, पण आजारी असेपर्यंतच. पुढे मुंबईत 1832 मध्ये सरकारने भटकी कुत्री मारायला काढली तेव्हा दंगल झाली, आणि 1834 मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने पांजरापोळ उभा राहिला. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या लाल मंदिरात आजही जैन समाजाचं पक्ष्यांचं धर्मार्थ रुग्णालय चालतं. तिथलाही नियम तोच, बरा झाला की आकाशात.

आता मोकळ्या पक्ष्याचं आणि मुंगीचं नातं बघा, कारण त्याचा अभ्यास आपल्याच जिल्ह्यात जन्मलेला आहे. पेणहून अलिबागला जाऊन पुढे समुद्राच्या कडेने वर गेलं की किहीम लागतं. 1930 मध्ये डॉ. सालिम अली जर्मनीहून शिकून आले होते, हातात नोकरी नव्हती, आणि ते किहीमला राहिले. त्या पावसाळ्यात त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीसमोर महिनोन् महिने बसून निरीक्षणं केली. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच पुढचं विणकाम होतं, हे त्यांनी जगाला सांगितलं. त्यावरचा लेख 1931 मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला.

सुगरणीचं घरटं बारीक फांदीच्या किंवा झावळीच्या टोकाला लोंबतं, पुष्कळदा विहिरीवर किंवा पाण्यावर. खालून आत जायची नळी. साप, उंदीर, खारी यांना तिथे पोचणं अवघड. शिंजीर ऊर्फ सूर्यपक्षीही आपली थैली अशीच टांगतो. जमिनीवरून चढणाऱ्याचा रस्ता जेवढा लांब आणि अरुंद करता येईल तेवढा हे पक्षी करतात.

याच्या उलट आपल्या सह्याद्रीच्या जंगलातला तांबूस सुतारपक्षी. झाडावर काळ्या मुंग्यांचं कागदी लगद्यासारखं गोल घर असतं, त्या चालत्या-बोलत्या घरातच तो पोखरून अंडी घालतो. इतर वेळी तो याच मुंग्या खातो. तरी त्याची पिल्लं त्या मुंग्यांच्या घरातच वाढतात. मैना-कावळ्यांसारखे काही पक्षी तर चोचीत मुंगी धरून ती आपल्या पिसांवर चोळतात. सालिम अलींचे बर्लिनचे गुरू एर्विन स्ट्रेसेमान यांनी 1935 मध्ये या सवयीला जर्मन भाषेत नाव दिलं, आणि 1936 मध्ये सालिम अलींनी याच नियतकालिकात प्रश्न मांडला की पक्षी अंगावरच्या परोपजीवी किड्यांपासून सुटका करून घ्यायला मुंग्या वापरतात का. शास्त्रज्ञांचं यावर अजूनही एकमत नाही.

मला यातून एवढंच दिसतं की रानात पक्षी आणि मुंगी यांचा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो. पक्षी जागा निवडतो, नाही जमली तर सोडतो, मुंगी खातो, मुंगी अंगाला चोळतो. पिंजऱ्यातला पक्षी यांतलं काहीच करू शकत नाही. घरट्याची जागा आपण ठरवली, दाणा आपण सांडला, दार आपण लावलं. मुंगी तिच्या स्वभावाप्रमाणे आली. तिला वैरी केलं ते पिंजऱ्याने.

म्हणून बंदोबस्त करायची जबाबदारी आपली, आणि तो कसा करायचा याचाही घरगुती इतिहास आहे. पूर्वी दूध-दही शिंक्यावर टांगायचे. मग जाळीची कपाटं आली, त्यांच्या चार पायांखाली पाण्याच्या चार वाट्या. गडाभोवतीच्या खंदकासारखं पाणी. मुंगीला पोहता येत नाही म्हणून ती काठावरून परत फिरते. उंबऱ्यावर हळदीची रेघ, चुलीच्या राखेची रेघ असायची. मुंग्या वासाच्या वाटेने चालतात. पुढची मुंगी जमिनीवर वास सोडत जाते, मागच्या तो धरून येतात. ती वाट पुसली किंवा झाकली की रांग विस्कटते. या सगळ्या उपायांत वस्तूला कुंपण होतं, मुंगीला मारणं नव्हतं.

मग पावडरी आल्या. गॅमेक्झिनचा पांढरा पट्टा आमच्या पिढीने प्रत्येक घराच्या भिंतीकडेला पाहिला आहे. हे बीएचसी औषध शेतात, घरात, धान्याच्या कोठारात सगळीकडे वापरलं गेलं. ते वर्षानुवर्षं मातीत आणि शरीराच्या चरबीत टिकतं हे कळल्यावर 1997 पासून आपल्या देशात त्यावर बंदी आली. त्यानंतर खडू आले. खडू म्हटलं की निरुपद्रवी वाटतं, पण त्यातही कीटकनाशकच असतं. मुंगी रेघ ओलांडते आणि पुढे जाऊन मरते, आपल्याला दिसत नाही इतकंच. पिंजऱ्याजवळ तर यातलं काहीच नको. पक्षी दिवसभर चोचीने गज चावतो, पिसं विंचरतो. जे गजावर लागेल ते त्याच्या पोटात जाणार.

भाचीला मी जे सांगितलं ते आता क्रमाने लिहिते.

आधी पिल्लं. स्वच्छ मऊ कापड घातलेल्या वाडग्यात ती अलगद काढायला लावली. पेटीतला जुना, ओला भुसा बाहेर अंगणात कडेला, पावसाचं पाणी पोचणार नाही अशा जागी ठेवला, म्हणजे त्यातल्या मुंग्या आपणहून निघून जातील. पेटीच्या फटी पूंजणीने झाडल्या, कोरड्या फडक्याने पुसल्या, रंधा मारलेल्या लाकडाचा कोरडा भुसा घालून पिल्लं लगेच परत ठेवली. फार वेळ गेला तर ती गारठतात.

मग रस्ता. पिंजरा भिंतीला टेकलेला होता आणि पडद्याचं टोक त्याच्यावर लोळत होतं. मुंग्यांना तेवढा पूल पुरतो. पिंजरा भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, चार पायांच्या स्टँडवर ठेवला आणि पायांखाली पाण्याच्या वाट्या. पाणी रोज बदलायचं, नाहीतर मुंग्या टळतील आणि डास होतील. वाटीत दाणा पडला तर काढायचा, नाहीतर त्याच्या ओढीने मुंग्या पाण्यात उतरून बुडतात. पायाला तेल किंवा व्हॅसलिन फासायचं ती म्हणत होती. त्यात मुंग्या चिकटून तडफडतात आणि तेल पिसांना लागलं तर पक्ष्याचंही नुकसान, म्हणून ते नको म्हटलं. डांबराच्या गोळ्या आणि कापूरही नको. पक्ष्यांचा श्वास फार नाजूक असतो, तो वास त्यांना सोसत नाही. हळदीची रेघ स्टँडच्या बाहेर, जमिनीवर चालते, पण आपल्या दमट हवेत ती दोन दिवसांत ओलावते आणि पुन्हा घालावी लागते.

आणि शेवटी दाणा. कोरडं राळं, कोरडी बाजरी यांना मुंग्या कमी येतात. भिजवलेली बाजरी, पालेभाजी, फळाची फोड यांना लगेच येतात. तेव्हा ओलं खाणं सकाळी द्यायचं आणि सूर्यास्ताआधी उरलेलं काढून, तळाचा कागद बदलून टाकायचा. चौविहाराची वेळ आपल्याला घड्याळाशिवाय कळते, तीच पिंजऱ्याला लावायची. मुंग्या पूर्वी ज्या वाटेने येत होत्या तिच्या सुरुवातीला, घराबाहेर, चिमूटभर साखर-पीठ टाकायचं. हे मी पुण्यासाठी सांगितलं, पण त्याचा व्यवहारी फायदाही होतो. त्यांना बाहेरच मिळालं तर आत येण्याचं कारण कमी होतं.

तीन पिल्लं जगली. महिनाभरात ती पेटीबाहेर आली.

त्यानंतर तिने मला अवघड प्रश्न विचारला, "मावशी, सगळेच सोडून देऊ का?" माझं उत्तर नाही असं होतं. बजरी मूळचे ऑस्ट्रेलियाचे. पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेले हे पक्षी कुंडलिकेच्या काठी सोडले तर दोन दिवसांत कावळ्यांच्या किंवा मांजराच्या तोंडी जातील. ती दया होत नाही. तसंच पर्युषणात बाजारातून पक्षी विकत घेऊन सोडण्याचंही. आपण पैसे मोजतो म्हणून पारधी आणखी पकडतो, हा साधा मागणी-पुरवठा आहे, त्याला बी.कॉम. व्हायची गरज नाही. पोपट, मैना, मुनिया हे आपले देशी पक्षी तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, ते विकत घेणं आणि घरात ठेवणं हा गुन्हाच आहे. कोणाकडे असे असतील तर परस्पर न सोडता वनखात्याला कळवावं.

भाचीने काय केलं ते सांगते. तिने अंड्यांची पेटी काढून ठेवली. पेटी नसली की बजरी सहसा अंडी घालत नाहीत. आहेत ते पाच पक्षी मोठ्या पिंजऱ्यात, त्यांच्या आयुष्यभर नीट सांभाळायचे. नवे विकत घ्यायचे नाहीत, पिल्लं कोणाला वाटायची नाहीत. बंधाचा अतिचार आज पुसता येत नाही, पण वाढवायचा तरी नाही, असं तिने स्वतःच ठरवलं. मला ते योग्य वाटलं.

तिच्या मुलाला पक्षी जवळून बघायचे असतात. त्याला मी सुचवलं आहे की भातकापणी झाली की लोंब्यांची जुडी करून गॅलरीत तारेने टांग. चिमण्या येतील, खातील, जातील. खाली सांडलेल्या दाण्यांना मुंग्या येतील त्यांनाही येऊ दे. तिथे कोणाला कोणापासून वाचवावं लागणार नाही.